चिचूची शेंग आणि पोपटकाकांची नटवी गाडी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चिचू.

चिचू एवढीशी. नाक टोकदार. चालायची तुरुतुरु. बोलायची चुक चुक चुक.

चिचूला तीन पिल्लं. चिंगी, मिंगी आणि ढब्बू. तिघंही बिळात बसून ओरडत होती.

"आई, भूक! आई, भूक! आई, भूक!"

"आणते हं, बाळांनो," चिचू म्हणाली आणि तुरुतुरु निघाली.

वाटेत तिला सापडली एक शेंग. भुईमुगाची शेंग. चांगली लठ्ठ! तीन दाण्यांची!

"चिंगीला एक दाणा. मिंगीला एक दाणा. ढब्बूला एक दाणा. आणि मला? मला टरफल!" चिचू खुदकन हसली.

शेंग जड. चिचू हलकी. उचलेना, म्हणून ती ढकलू लागली. गडगड गडगड. गडगड गडगड. पोपटकाकांच्या अंगणात आली आणि शेंग हातातून सुटली!

गडगड गडगड... टप्प!

शेंग गेली गाडीखाली. मागे वीट, पुढे चाक, मध्ये शेंग. अगदी घट्ट!

चिचूने ओढली. निघेना. ढकलली. निघेना. कुरतडायला गेली, तर फटीत नाकच जाईना.

आता ही गाडी कसली होती, ठाऊक आहे? विजेवर चालणारी! धूर नाही, खडखड नाही. पोपटकाकांनी मोठ्या हौसेने घेतली होती. आणि हौसेला काय मोल असतं? काका रोज बाजारात जायचे. दिसेल ते गाडीसाठी आणायचे. गाडीला गोंडे आणले. गोंड्यांना घुंगरं आणली. मखमलीची उशी आणली. झालरीची खोळ आणली. मोठ्ठा भोंगा आणला. मान हलवणारा कुत्रा आणला. गाडी कशी नवरीसारखी नटली!

पण गाडीत वीज भरायची मात्र काका विसरले. नटवी गाडी उपाशीच उभी राहिली.

चिचू गाडीपाशी गेली.

"गाडीबाई, गाडीबाई, पुढे सर!
शेंग माझी सुटेना,
पिल्लं माझी थांबेनात!"

गाडी म्हणाली, "सरते की! माझं काय जातंय? पण वायर वीज पाजेना, तर मी कशी सरू? वायरीला सांग!"

चिचू चुक चुक करत, तुरुतुरु गेली. डिकीत शिरली. तिथे होती वायर. काळी, लांबलचक, गुंडाळलेली.

"वायरबाई, वायरबाई, वीज पाज!
गाडी पुढे सरेना,
शेंग माझी सुटेना,
पिल्लं माझी थांबेनात!"

वायर म्हणाली, "पाजते की! माझं काय जातंय? पण ही उशी माझ्यावर बसलीय. उशी उठेना, तर मी कशी पाजू? उशीला सांग!"

चिचू चुक चुक करत, तुरुतुरु गेली. उशीवर चढली. उशी जाडजूड. चार कोपऱ्यांना चार गोंडे.

"उशीबाई, उशीबाई, ऊठ ना!
वायर वीज पाजेना,
गाडी पुढे सरेना,
शेंग माझी सुटेना,
पिल्लं माझी थांबेनात!"

उशी म्हणाली, "भुस्स! उठते की! माझं काय जातंय? पण डिकीवर खोळ आहे. खोळ निघेना, तर मी कशी उठू? खोळीला सांग!"

चिचू चुक चुक करत, तुरुतुरु गेली. खोळीपाशी आली. खोळीला झालर. झालरीला नाड्या. नाड्यांना गाठी. गाठींवर आणखी गाठी!

"खोळबाई, खोळबाई, निघ ना!
उशी जागची उठेना,
वायर वीज पाजेना,
गाडी पुढे सरेना,
शेंग माझी सुटेना,
पिल्लं माझी थांबेनात!"

खोळ म्हणाली, "निघते की! माझं काय जातंय? पण या गाठी काकांनी मारल्यात. काका जागे होईनात, तर मी कशी निघू? काकांना सांग!"

चिचू चुक चुक करत, तुरुतुरु गेली. पोपटकाका गाडीशेजारी बाजेवर झोपले होते. गाडी नटवून नटवून दमले होते बिचारे! घुर्रर्र फूss! घुर्रर्र फूss!

"काका, काका, जागे व्हा!
खोळ काही निघेना,
उशी जागची उठेना,
वायर वीज पाजेना,
गाडी पुढे सरेना,
शेंग माझी सुटेना,
पिल्लं माझी थांबेनात!"

काका झोपेतच बोलले, "घुर्रर्र... उठतो की! माझं काय जातंय? फूss... पण भोंगा वाजेना, तर मी कसा उठू? घुर्रर्र... भोंग्याला सांग! फूss!"

आणि काका कुशीवर वळले.

चिचू चुक चुक करत, तुरुतुरु गेली. खोळीखालून गाडीत शिरली. समोर होता भोंगा. पितळेचा. तोंड एवढं मोठं की चिचू आत मावेल!

"भोंगेदादा, भोंगेदादा, वाज ना!
काका जागे होईनात,
खोळ काही निघेना,
उशी जागची उठेना,
वायर वीज पाजेना,
गाडी पुढे सरेना,
शेंग माझी सुटेना,
पिल्लं माझी थांबेनात!"

भोंगा म्हणाला, "वाजतो की! माझं काय जातंय? पण कुत्रा माझं बटण दाबेना, तर मी कसा वाजू? कुत्र्याला सांग!"

कुत्रा काचेपाशी बसला होता. खेळण्यातला कुत्रा. मान स्प्रिंगची. नाक बरोबर बटणाच्या वर.

चिचूने उडी मारली. धप्प! तशी कुत्र्याची मान हलली.

"कुत्रेदादा, कुत्रेदादा, मदत करशील?"

"हो. हो. हो," कुत्रा म्हणाला.

"बटण दाबशील?"

"हो. हो. हो."

चिचूला आनंद झाला. ती वाट बघत बसली. बसली आणि बसली. बटण काही दबेना.

"अरे, दाब ना!"

"हो. हो. हो."

नुसता होयबा! चिचू वैतागली. तिने शेपटी आपटली आणि मोठ्याने म्हणाली,

"भोंगा काही वाजेना,
काका जागे होईनात,
खोळ काही निघेना,
उशी जागची उठेना,
वायर वीज पाजेना,
गाडी पुढे सरेना,
शेंग माझी सुटेना,
पिल्लं माझी थांबेनात!"

कुत्रा म्हणाला, "दाबतो की! माझं काय जातंय? पण तुझ्या उडीने मान हलते एवढीशी. नाक बटणाला पोचत नाही. गाडी सरली की मान हलेल मोठ्ठी! पण गाडी सरेना, तर मी कसा दाबू? गाडीला सांग!"

चिचू चुक चुक करत, तुरुतुरु गेली. पुन्हा गाडीपाशी आली. तिला लागली होती धाप.

"गाडीबाई, गाडीबाई, पुढे सर!
कुत्रा बटण दाबेना,
भोंगा काही वाजेना,
काका जागे होईनात,
खोळ काही निघेना,
उशी जागची उठेना,
वायर वीज पाजेना,
गाडी पुढे..."

चिचू थांबली.

"गाडी पुढे... अगं बाई! गाडी तर तूच!"

"मीच की," गाडी म्हणाली. "सरते म्हटलं ना! पण वायर वीज पाजेना."

घ्या! एवढं फिरून भोपळे पुन्हा चौकातच!

चिचू मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे गोड बोलले. सगळे म्हणाले, माझं काय जातंय. पण केलं कुणीच काही नाही.

तेवढ्यात लांबून आवाज आला. बारीकसा. बिळातून येत होता.

"आई, भूक! आई, भूक! आई, भूक!"

चिचूने डोळे पुसले. तिच्या मिशा थरथरल्या. शेपटी ताठ झाली. तिला आला राग! असा राग, असा राग!

"आता कुणाला सांगायचं नाही. आता मीच!"

ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. थेट बाजेपाशी. चढली बाजेवर. चादरीतून काकांच्या पायाचा अंगठा बाहेर आला होता. गोल गोल, गुबगुबीत.

चिचूने तोंड उघडलं आणि...

कट्ट!

"आई आई गं!" काका ताडकन उठले. "मेलो! साप! वाघ! मगर!"

काकू धावत बाहेर आल्या. त्यांनी बाजेखाली बघितलं.

"अहो, कसली मगर? चिचुंद्री आहे. एवढीशी!"

"एवढीशी? मग दात केवढे आहेत!"

काकूंनी काकांचा अंगठा साबणाने धुतला. मग म्हणाल्या, "तरी दवाखान्यात जायला हवं. सुई टोचून घ्यायला हवी. काढा गाडी!"

"सुई?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. पण काकूंपुढे कोण बोलणार?

काका जागे झाले ना, त्यांनी गाठी सोडल्या. एक गाठ, दुसरी गाठ, गाठीवरची गाठ. खोळ निघाली. सर्रर्र!

खोळ निघाली, डिकी उघडली. उशी उठली. भुस्स!

उशी उठली, वायर मोकळी झाली. प्लगला लागली. खट्ट!

वायरीने वीज पाजली. गाडी पिऊ लागली. गट गट गट. गट गट गट.

"बघा, किती भुकेली होती बिचारी," काकू म्हणाल्या. "अहो, आधी पोटोबा, मग विठोबा! आणि तुम्ही आणलेत गोंडे."

"शोभेला आणले," काका हळूच म्हणाले.

"शोभा? नाकापेक्षा मोती जड झालाय!"

गाडीचं पोट भरेपर्यंत वेळ होता. काका एका पायावर लंगडत होते. काकूंनी पदर खोचला आणि एकेक वस्तू बाहेर काढली.

"उशी कशाला? गाडीत झोपायचंय? ठेवा तुमच्या बाजेवर."

धप्प! उशी गेली बाजेवर.

"घुंगरं कशाला? गाडी नाचणार आहे?"

छुन छुन! घुंगरं गेली शेळीच्या गळ्यात. शेळी खूश!

"खोळ असू दे. धूळ बसत नाही. पण गाठी नकोत, साधी नाडी बांधा. आणि वायर डिकीत कोंबायची नाही. इथे, प्लगजवळ खुंटीला टांगायची. हाताला पटकन लागली पाहिजे."

"आणि भोंगा?" काकांनी घाबरत विचारलं.

"भोंगा हवाच. ही गाडी चालते गुपचूप. रस्त्यातल्या मांजराला कळायचं कसं?"

"आणि कुत्रा?"

काकूंनी कुत्र्याकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. मग त्यांना हसू आलं.

"राहू दे. घरात तुम्हाला हो म्हणणारा तेवढा एकच आहे."

एवढ्यात गाडी म्हणाली, "टिंग!" पोट भरलं होतं.

काका बसले. काकू बसल्या. गाडी सरली. झुम्मम्म!

गाडी सरली, कुत्र्याची मान हलली. हो हो हो हो हो!

मान हलली, बटण दबलं. भोंगा वाजला. पॅप पॅप पोंss!

आणि शेंग? शेंग सुटली! गडगड गडगड आली, आणि चिचूच्या पायाशी थांबली.

"माझी शेंग!" चिचू ओरडली. "माझी, माझी, माझी शेंग!"

भोंगा ऐकून पिल्लं घाबरली आणि आईला शोधत बिळातून अंगणात धावत आली. बघतात तर काय, समोर आई! चिंगीने आईची शेपटी धरली. मिंगीने चिंगीची धरली. ढब्बूने मिंगीची धरली. झाली एक साखळी! चिचू पुढे, शेंग तिच्या नाकापुढे. गडगड गडगड, तुरुतुरु तुरुतुरु. गेले सगळे घरी.

घरी गेल्यावर शेंग फोडली. टक्क!

चिंगीला एक दाणा. मिंगीला एक दाणा. ढब्बूला एक दाणा. आणि आई चघळत बसली टरफल.

ढब्बूने बघितलं. त्याने आपला दाणा मोडला आणि एक तुकडा आईच्या तोंडात घातला. चिंगीने बघितलं. तिनेही घातला. मग मिंगीनेही घातला.

"अरे, असू दे," चिचू म्हणाली. पण तिचं तोंड भरलं होतं. काही नीट बोलताच येईना.

गाडी गेली दवाखान्याला, उशी गेली बाजेला, शेंग गेली पोटात. आणि आपली गोष्ट? ती आली तुझ्या कानात!