डागांची लोहिता

आकाशात अजून फारशी वस्ती नव्हती, तेव्हाची गोष्ट. लोहिता नावाची एक तारका होती. तिच्या अंगी जबरदस्त चुंबकत्व होतं. त्यामुळे अंगावर लोखंडाचे मोठाले डाग जमले होते. शिवाय आजूबाजूचा वारा त्या चुंबकत्वात अडके आणि तिला मागे ओढी. एक गिरकी घ्यायला तिला आठवडा लागे. शेजारची तारका चपला तेवढ्यात दहा गिरक्या घेई आणि म्हणे, "अगं, ते डाग तरी पूस!" लोहिता खट्टू होई.

एकदा धूमाजी धूमकेतू धापा टाकत आला. "पोरींनो, माझा धाकटा भाऊ चाळीस आठवड्यांनी पुढच्या वळणावर येतोय. हजार वर्षांत भेटलो नाही आम्ही! लवकर गेलो तर तिथल्या उन्हात वितळेन, उशिरा गेलो तर तो निघून जाईल. दिवस मोजू कसे?"

"माझ्या गिरक्या मोजा, काका," चपला म्हणाली. पण ती सगळीकडून सारखीच लख्ख. कधी फिरली ते कळेचना!

तेवढ्यात लोहिताचा सगळ्यात मोठा डाग समोर आला, हळूहळू पलीकडे गेला आणि आठवड्यानं पुन्हा दिसला. "एक!" धूमाजी ओरडला. लोहिताला हसूच फुटलं.

चाळिसाव्या फेरीला तिनंच हाक दिली, "काका, निघा!"

धूमाजी शेपटी सावरत धावला. थोड्याच वेळात वळणावर दोन शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या आणि दोघा भावांचं खिदळणं ऐकू आलं. चपलासुद्धा फिरायचं विसरून बघत राहिली.