तागाचा बेवड

फार फार वर्षांपूर्वी, गावांना वेशी होत्या पण वेशींना दारं नव्हती त्या काळी, एका राज्यात एक तरुण माळीण राहायची. भारी भित्री. पाल चुकचुकली तरी तिच्या हातातलं खुरपं गळून पडायचं.

राजाची बाग तिच्याकडे होती, आणि बाग थकली होती. वर्षानुवर्षं झेंडू घेऊन घेऊन माती राखेसारखी झाली होती. राजा म्हणाला, “यंदा दिवाळीला देवीच्या तोरणापुरताही झेंडू निघाला नाही, तर इथं घोड्यांची पागा बांधीन.”

माळणीनं पावसाळ्याच्या तोंडाशी बागभर ताग पेरला. दीड महिन्यात तो छातीला लागला, पिवळ्याधमक फुलांनी डवरला. आता नांगर जुंपायचा, तेवढ्यात राजा प्रधान-दरबाऱ्यांना घेऊन आला आणि हरखून गेला.

“वा! बाग हसली की! खबरदार, कुणी फुलाला हात लावला तर!”

ताग फुलावर आला की मातीत गाडायचा, असं माळणीला आईनं शिकवलेलं. गप्प राहावं तर बाग जाणार, बोलावं तर मान.

इतक्यात पायाशी एक गांडूळ वर आलं. ती दचकून मागं सरली.

“अगं, मला काय भितेस? मला ना दात, ना नखं,” गांडूळ म्हणालं. “खाली आम्ही उपाशी आहोत. सांग की त्याला!”

“भीती वाटते रे बाबा.”

“मग भीत भीत सांग. भिऊ नकोस असं कोण म्हणतंय?”

ती पुढं झाली. “म... महाराज, हा बेवड आहे...”

“बेवडा?” प्रधान ओरडला. “कुणाला म्हणतेस गं?”

सगळे खो खो हसले. राजाही हसला. त्या हसण्यात तिची जीभ सुटली.

“बेवड, प्रधानजी! आधीच्या पिकानं पुढच्या पिकासाठी मातीत ठेवलेली शिदोरी. ताग आज गाडला तर कुजून खत होईल. शेंगा धरल्या की सगळा कस बियांत जाईल, देठांचे दोरखंड होतील.”

“पण फुलं किती छान आहेत गं,” राजा लहान पोरासारखा म्हणाला.

शेवटी ठरलं : अर्ध्या बागेतला ताग गाडून तिथं झेंडू लावायचा, अर्ध्यातला राजासाठी ठेवायचा.

दिवाळी आली. माळणीच्या अर्ध्यात पाय ठेवायला जागा नव्हती, इतका झेंडू. देवळाला तोरणं झाली, राजवाड्याला झाली, प्रधानाच्या घोड्यालासुद्धा माळ झाली. राजाच्या अर्ध्यात मात्र नुसती वाळकी काटकं उभी. वारा आला, तशा त्यांच्या शेंगा खुळखुळ वाजल्या, आणि राजा केवढ्यानं तरी दचकला!

माळीण जागची हलली नाही. “शेंगा आहेत, महाराज,” ती हळूच म्हणाली. “चावत नाहीत.”

पागेचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या वर्षी ताग फुलला, तेव्हा पहिला नांगर राजानं स्वतः धरला.

तात्पर्य : वेळेवर मातीत गाडलेलं फूल वाया जात नाही, आणि थरथरत सांगितलेलं खरंही वाया जात नाही.