बर्णबाच्या दारातली वहाण

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजीच्या आजीला दुधाचे दात होते तेव्हा, भोकरदऱ्याच्या वेशीपाशी चिंचेखाली बर्णबा नावाचा मोची बसायचा. गावात येशूचं नाव घेणारं घर एकच, ते त्याचं. अन् ते नाव ऐकलं की रंभाजी पाटलाच्या कपाळाची शीर तडतडायची. चिंचेजवळून जाताना तो रोज पायातली एक वहाण काढायचा अन् बर्णबाला फेकून मारायचा. "चालता हो गावातून, बर्णब्या!" नेम कधी चुकला नाही, असं म्हणतात. पाटलाच्या घराण्यात तेवढंच एक कसब होतं.

बर्णबा पाठ चोळायचा अन् वहाण उलटीसुलटी करून बघायचा. तुटकी वहाण दिसली की मोच्याचे हात शिवशिवतात, जसे तुमचे शेजाऱ्याचे पेरू दिसल्यावर. वादी तुटली असेल तर तो टाका घालायचा, तेल चोळायचा अन् संध्याकाळी पाटलाच्या उंबऱ्याशी ठेवून यायचा.

बायको सलोमी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अहो, येशूनं दुसरा गाल पुढं करायला सांगितलंय. मारलेली वहाण शिवून द्यायला नाही!"

"अगं, गालाचं मला काही कळत नाही," बर्णबा म्हणायचा. "वहाणेचं कळतं."

एके दिवशी त्या वहाणेच्या टाचेत खिळा वर आलेला दिसला. भोवती रक्त वाळलेलं. पाटील त्यावरच चालत आला होता, अन् ताठा असा की लंगडलाही नव्हता. बर्णबाच्या मनात आलं, राहू दे खिळा; आणखी एक ठोकू शेजारी. त्यानं हातोडीही उचलली. आता साधूसारखे चेहरे करू नका, तुमच्याही मनात तेच आलं असतं.

पण ठोकायच्या आधी जागा बघावी म्हणून त्यानं आतून अंगठा दाबला, अन् असा ओरडला की चिंचेवरचे बगळे उडाले. "अरे देवा! ह्याच्यावर चालतो हा माणूस?" त्यानं हातोडी ठेवली, पक्कड घेतली अन् खिळा उपसला.

दुसऱ्या दिवशी पाटील आला नाही. तिसऱ्याही नाही. पाठ मोकळी राहिली अन् बर्णबाला करमेना. शेवटी तो स्वतःच गेला. खिळा निघाला होता, पण जखमेत विष भिनलं होतं. टाच भोपळ्यासारखी सुजलेली. वैद्य म्हणत होता, उद्या पाय कापावा लागेल.

"हसायला आलास का रे?" पाटील गरजला.

"नाही, पाटील. माप घ्यायला आलोय. मला दोन्ही वहाणा करायच्यात."

बर्णबानं तो पाय मांडीवर घेतला. आरी तापवून जखम मोकळी केली, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतली, पाला वाटून बांधला. असं नऊ दिवस केलं. पाटील नऊही दिवस शिव्या देत होता. नवव्या दिवशी त्याच्या शिव्या संपल्या. नवी एकही सुचेना, अन् पायही वाचला.

मग बर्णबानं मऊ टाचेच्या नव्या वहाणा दिल्या. त्या घालून पाटील चालला की बाभळीचे काटे लाजून बाजूला व्हायचे, असं म्हणतात. पण खोड कुठली जाते? रागावला की तो वहाण फेकायचाच. अन् ती मात्र हवेतच वळायची, गावावरून उडत जायची अन् बर्णबाच्या दारात नीट सरळ बसायची. पाटील एका पायानं अनवाणी तिथवर जायचा. ज्या घरच्या पाण्याला तो कधी शिवला नव्हता, तिथं धापा टाकत गूळपाणी प्यायचा. अशी वहाण एकवीस वेळा उडाली, असं म्हणतात. बाविसाव्या वेळी पाटील वहाण न फेकताच येऊन बसला.

भोकरदऱ्यात अजूनही नाताळच्या आदल्या दिवशी सगळं गाव, मग देव कुठलाही असो, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याची वहाण गुपचूप उचलून आणतं अन् शिवून परत ठेवतं. ज्याची वहाण कुणीच नेत नाही, तो दिवसभर हिरमुसून बसतो. टाके वाकडेतिकडे पडतात; सगळेच काही मोची नाहीत. पण ठेवण्याआधी प्रत्येकजण टाचेच्या जागी आतून आपला अंगठा दाबून बघतो.