खुंटी आधी, वाटी मागून

एका गावात एक कुलूप होतं. तुम्ही म्हणाल, कुलपाचं काय एवढं, कुलपं गावोगाव असतात. पण हे कुलूप अख्ख्या गावाच्या उरावर बसलं होतं.

गाव डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठाला. दरसाल पाऊस सरला की ताप यायचा आणि घरोघरी माणसं आडवी व्हायची. वर डोंगरावर एक वैद्यीणबाई राहायच्या. त्या आणि त्यांच्या हाताखालच्या बायका सकाळी पिण्याचा काढा उकळायच्या आणि दुपारनंतर चोळायचं औषध करायच्या, कारण ताप उतरला की माणसाचे सांधे धरत. काढ्याने माणूस उठून बसे. चोळायचं औषध मात्र विषारी मुळीचं होतं. अंगाला लावलं तर गुण, पोटात गेलं तर घात. आणि दिसायला दोन्ही काळीच.

दोन्ही औषधं डोंगराखाली एका दगडी खोलीत आणून ठेवत. त्या खोलीला ते कुलूप, आणि त्याला किल्ली एकच. ठेवणारी आत गेली की नेणारे बाहेर पायऱ्यांवर थांबत, नेणारा आत गेला की ठेवणारी थांबे. एका वेळी आत एकच माणूस, म्हणजे उचलाउचलीत काढा आणि विष यांची गल्लत नको. पद्धत चोख होती. फक्त तापाला कुणी ती समजावून सांगितली नव्हती. तो काही पायरीवर थांबत नसे.

एका साली काय झालं, एक गृहस्थ किल्ली घेऊन आत गेला, आतून कडी लावली आणि तापाच्या भोवळीने तिथेच कोसळला. बाहेर सगळं गाव खोळंबलं. हाका मारून घसे बसले. दार फोडेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. पायरीवर एक म्हातारा मुलाच्या खांद्यावर मान टाकून बसला होता. औषध बाहेर आलं तेव्हा त्या मुलाने बापाला हलवलं, पण बाप काही हलला नाही.

तो मुलगा म्हणजे गावचा सुतार. हात असा की लाकूड त्याच्याशी बोलायचं. बापाला पोचवून तो घरी आला तो एकच गोष्ट घोकत आला: आता या गावात कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

मग त्याने जे केलं ते खरोखरच नवल करण्याजोगं होतं. दगडी खोलीची पुढची भिंत पाडून त्याने तिथे लाकडी भिंत उभी केली आणि तिच्यात ओळीने कोनाडे काढले. प्रत्येक कोनाड्यापर्यंत डोंगरावरून एक दोर आणला. दोरावरून छोटा पाळणा घसरत येई, सकाळी काढा घेऊन, संध्याकाळी चोळायचं औषध घेऊन. पाळण्यातली भरली वाटी कोनाड्यात सरके आणि जुनी वाटी धक्क्याने मागच्या टोपलीत पडे. कोनाड्याच्या माथ्यावर एक तांबडी खुंटी. तिची दोरीही वरपर्यंत नेलेली. वरच्या बाईने दोरी ओढली की खाली खुंटी वर उठे. खुंटी वर दिसली की नेणाऱ्याने यायचं, वाटीतलं औषध आपल्या भांड्यात ओतून घ्यायचं, खुंटी दाबून खाली करायची आणि वाटी तिथेच ठेवायची. वैद्यीणबाईंची वाटी गावात न्यायची नाही, हा जुना दंडक होता. ना दार, ना किल्ली. ठेवणाऱ्या वर ठेवत राहतील, नेणारे खाली नेत राहतील, कुणाचं कुणावाचून अडणार नाही.

वैद्यीणबाई काठी टेकत खाली आल्या. त्यांनी दोर पाहिला, दोरी पाहिली, आणि विचारलं, "वरून आम्ही आधी काय करायचं रे बाबा?"

"आधी पाळणा सोडायचा, मग खुंटीची दोरी ओढायची. सोपं आहे."

"आधी सोडला पाळणा. पण खाली आधी काय पोचेल?"

सुतार हसला. "आधी सोडलं ते आधी पोचणार, वैद्यीणबाई. त्यात काय?"

"पाळणा घसरत घसरत येतो. दोरी ओढली की खुंटी त्या क्षणी उठते. मी म्हणते, पाळणा पोचला की खालून कुणीतरी 'पोचलं' म्हणून हाक द्यावी. हाक ऐकली की मग आम्ही दोरी ओढू."

सुताराच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे पुन्हा थांबणंच आलं! दर वाटीमागे हाकेची वाट बघायची, तर मग कुलपाने काय घोडं मारलं होतं? अहो, खुंटी उठलेली बघून माणूस घरातून निघेपर्यंत पाळणा येऊन गार होतो. हा बघा."

त्याने वर हात केला. वरून पाळणा सुटला, दोरी ओढली गेली. खुंटी उठली. पलीकडचा माणूस भिंतीपाशी चालत येईपर्यंत वाटी कोनाड्यात बसलीसुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैद्यीणबाई काठी टेकत परत डोंगराकडे वळल्या. त्यांनाही सुताराच्या बापाचं मरण आठवत होतं, आणि त्या पोराला आणखी अडवायचं त्यांच्या जिवावर आलं. तिथेच चुकलं असं मी म्हणेन, पण मागाहून शहाणपण सांगायला कुणाचं काय जातं!

गावाने ते कुलूप वाजतगाजत नेऊन तळ्यात बुडवलं.

त्या साली ताप आला तशी माणसं उठतही गेली. पायऱ्या ओस पडल्या. गाव सुताराला डोक्यावर घेऊन नाचलं, आणि सुतारही, माणूसच तो, थोडा डोक्यावर बसला.

पुढच्या साली तापाने कोष्ट्याला धरलं. हा कोष्टी सुताराचा जिवाभावाचा मित्र. बाप गेला तेव्हा सुताराला घरी नेऊन दोन घास भरवणारा तोच. आता तो घोंगडीखाली कुडकुडत होता, माग बंद पडला होता, आणि त्याची बायको रोज सकाळी तांब्या घेऊन भिंतीपाशी येत होती. तिचं घर भिंतीला अगदी लागून. खुंटी उठली की गावात सगळ्यांत आधी तीच पोचायची.

एक दिवस ती सुताराच्या दारात उभी राहिली. "भावजी, रागावू नका. आज सकाळी वाटी नाकाशी नेली तर चोळायच्या औषधाचा वास आला. मी खाली ठेवली. जरा वेळाने बघते तर त्याच कोनाड्यात गरम काढा."

सुताराने रंधा थांबवला. "वहिनी, असं व्हायचं नाही."

"मलाही तसंच वाटलं. पण वास ओळखीचा होता हो. मी रोज संध्याकाळी सासऱ्यांचे गुडघे त्यानेच चोळते."

सुतार तिच्याबरोबर भिंतीपाशी गेला. त्याने वरच्या बाईला हाक घातली आणि पाळणा सोडायला लावला. खुंटी उठली, तो चालत गेला, वाटी जागेवर. पुन्हा सोडायला लावला. पुन्हा बरोबर. सगळे कोनाडे तपासले, दोर ओढून पाहिले, दुपारपर्यंत वरच्या बायकांना दमवलं. एकदाही चूक सापडली नाही. लख्ख ऊन होतं, दोर कोरडे ठणठणीत होते, पाळणे नुसते पळत होते.

खरं सांगायचं तर, मधेच कधीतरी त्याला वैद्यीणबाईंचा प्रश्न आठवला. खाली आधी काय पोचेल? पण 'पोचलं' अशी हाक लावायची म्हणजे पुन्हा थांबणं, आणि थांबणं म्हटलं की त्याला ती पायरी दिसे आणि खांद्यावर कललेली बापाची मान. त्याने तो विचार झटकून टाकला.

"वहिनी," तो मायेनेच म्हणाला, "जागरणाने तुमचं नाक बधिर झालंय. मी इतक्यांदा करून पाहिलं, एकदा तरी चुकायला हवं होतं ना? नाकावर जाऊ नका. खुंटी वर असली की डोळे मिटून घ्या."

ती दमून हसली. "तुम्ही म्हणता तर तसं."

काही दिवसांनी पहाटेपासून धुकं उतरलं. दाट, ओलं, हात पुढे केला तर दिसू नये असं. रात्रभरच्या दवाने दोर फुगून जड झाले होते. वरच्या बाईने नेहमीसारखा आधी पाळणा सोडला, मग दोरी ओढली. तिचं काहीच चुकलं नाही. धुक्यात पाळणा अर्ध्या वाटेवर अडकून बसला हे तिला दिसलं नाही. खाली खुंटी मात्र टपकन उठली.

वरातीमागून घोडं, म्हणतात ना, तसं. वरात दारात आली होती आणि घोडं अजून डोंगरात होतं.

कोष्टीण आली. कोनाड्यात वाटी होती, ती आदल्या संध्याकाळची. कुणीतरी थोडंसं औषध नेलं होतं, बाकीचं तसंच होतं. तिने वाटी उचलली. वास आला. ती थबकली, वर पाहिलं, खुंटी उठलेली होती. तिने वाटी तांब्यात ओतली, खुंटी दाबली आणि घरी गेली.

दुपारच्या आत कोष्टी गेला.

गाव म्हणालं, तापाने नेला. ताप लोकांना नेतोच. मर्तिकाला सुतार ढसाढसा रडला. परतताना सगळे कोनाड्यांच्या भिंतीजवळून येत होते. धुकं आता विरलं होतं. सुताराची नजर सहज एका कोनाड्याकडे गेली. खुंटी खाली, आणि वाटी काढ्याने काठोकाठ भरलेली, गारढोण झालेली. ज्याची खुंटी खाली, त्याच्या वाटीतलं औषध कुणीतरी नेलेलं असायला हवं. त्याने मागच्या टोपलीत हात घातला. वर एक ओतून रिकामी केलेली वाटी पडली होती. त्याने ती नाकाशी नेली. वास चोळायच्या औषधाचा होता.

बाकीचे पुढे निघून गेले. कुणाला काही कळलं नव्हतं, आणि कळण्याजोगंही नव्हतं. तो भरलेला काढा मातीत ओतून टाकला असता, वाटी धुतली असती, तर ती गोष्ट तिथेच पुरली गेली असती. त्याने दोन्ही वाट्या हातात घेतल्या. मग तसाच कोष्ट्याच्या घरी गेला.

कोष्टीण मागाशेजारी बसली होती. त्याने दोन्ही वाट्या तिच्यापुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. पाळणा कसा अडकला असेल, खुंटी आधी कशी उठली, वैद्यीणबाईंनी काय विचारलं होतं आणि तो काय म्हणाला होता. काहीही राखून ठेवलं नाही.

तिने रिकामी वाटी उचलून वास घेतला.

"मला आला होता हा वास," ती म्हणाली. "आजसुद्धा आला होता. वाटी खाली ठेवणार होते मी. मग तुमचा शब्द आठवला, भावजी. नाकावर जाऊ नका म्हणालात."

सुताराला वाटलं, तिने वाटी फेकून मारावी. तिने ती हळूच जमिनीवर ठेवली आणि पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी त्याने खुंट्यांच्या सगळ्या दोऱ्या कापून टाकल्या. प्रत्येक कोनाड्याच्या तळाला एक फळी बसवली आणि खुंटी त्या फळीला जोडली. जुनी वाटी ढकलली जाऊन भरली वाटी फळीवर बसली की तिच्याच वजनाने खुंटी उठायची, वरच्या माणसाच्या हाताने नाही. रिकामी वाटी हलकी, तिच्याने फळी दबत नसे. आणि उरलेलं औषध ठेवून जाणाऱ्याला ती वाटी टोपलीत टाकायची शिस्त लावली. जरासा वेळ जास्त लागे, अगदी जरासा. एवढंच करायचं होतं, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी करता आलं असतं. बैल गेला नि झोपा केला, तसा तो झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, मात्र फार सुंदर झाला. त्यात खोट काढायला जागा नव्हती. वैद्यीणबाई येऊन बघून गेल्या. शाबासकी त्यांनी दिली नाही, आणि त्याने मागितलीही नाही.

पुढच्या साली पुन्हा ताप आला. सासरा आजारी पडला म्हणून कोष्टीण तांब्या घेऊन आली. सुतार भिंतीपाशीच होता. वाटी फळीवर बसली, खुंटी उठली. कोष्टिणीने खुंटीकडे पाहिलंच नाही. वाटी उचलली, वास घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. पुन्हा वास घेतला. मग थांबून राहिली, बराच वेळ, आणि नंतर ओतून घेतलं.

तिच्या मागच्याने तसंच केलं, त्याच्या मागच्यानेही. खुंट्या एकामागून एक वर उठत होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. गावात दार नव्हतं, कुलूप नव्हतं, किल्ली नव्हती, तरी पायऱ्यांवर पहिल्यासारखीच रांग लागली होती. सुतार त्या रांगेकडे बघत उभा राहिला. मग बाप जिथे बसला होता त्याच पायरीवर जाऊन बसला.

तात्पर्य: आपण आधी पाठवलं म्हणून समोरच्याला ते आधी पोचतं असं नाही, तेव्हा माल जागेवर बसल्याशिवाय निशाण उभारू नये. आणि शंभरदा बरोबर आलं म्हणून चूक पाहिलेल्या माणसाला खोटं ठरवू नये. चूक मागाहून दुरुस्त होते, उडालेला विश्वास तसा दुरुस्त होत नाही.