नऊ पौर्णिमांचा साबण

एका राज्यात माणसांहून जैतुनाची झाडे अधिक होती. तिथल्या राजाने एका मेलेल्या जादूगाराचा खजिना उकरला. त्यातला मुकुट काळाकुट्ट होता. राजाने साबणकर देवांगास बोलावले व म्हटले, "धुऊन दे." देवांगाने धुतला. मुकुट लखलखला, आणि देवांगाच्या बोटांचा काळा दगड झाला.

छपरावरची साळुंकी त्याच्या धाकट्या भावाला, कुशाला, म्हणाली, "हा दगड दर पौर्णिमेला वर चढेल. ओठांवर आला की तुझा दादा संपला. साप राखतो त्या जैतुनाच्या झाडाचे तेल आण. खाऱ्या दलदलीतल्या झुडपांची राख आण. साबण कर. तिसरे काम तो वाळवण्याचे. नऊ पौर्णिमा."

"पहिली दोन करतो. तिसरे बघू," कुशा म्हणाला.

देवांग म्हणाला, "याला भात शिजेपर्यंत धीर नसतो."

सापाने तेल दिले, कुशाची सावली ठेवून घेतली. दलदलीने राख दिली, त्याचे जोडे गिळले. तीन दिवस काहील रटरटली. साबण फरशीवर ओतला, वड्या कापल्या, वारा खेळावा म्हणून फटी ठेवून त्यांचा मनोरा रचला.

पहिल्या पौर्णिमेला दगड मनगटावर आला. कुशाला राहवेना. त्याने ओली वडी ओढली आणि दादाच्या डाव्या करंगळीवर घासली. दगड विरघळला. करंगळीही विरघळली.

"चाखली होतीस?" देवांगाने दात आवळून विचारले.

साबणकर वडीला जीभ लावून पाहतात. चटका बसला तर ती कच्ची. कुशा घाईत विसरला होता.

मग तो रोज जीभ लावू लागला. रोज चटका. दगड कोपरावर आला, खांद्यावर आला. आठव्या पौर्णिमेला गळ्यावर आला आणि देवांगाचा आवाज गेला. कुशा वडी उचली, परत ठेवी, स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसे.

"आज?" तो साळुंकीला विचारी.

"जीभ काय म्हणते?"

"भाजते."

"मग बस," साळुंकी म्हणे.

नवव्या पौर्णिमेला दगड हनुवटीवर होता. वड्या बाहेरून सोनेरी झाल्या होत्या. कुशाने जीभ लावली. थांबला. पुन्हा लावली. चटका नव्हता.

त्याने दादाला बोटांपासून हनुवटीपर्यंत धुतले. काळे पाणी वाहून गेले. महालात मुकुटाची माती झाली. राजाने ती स्वतःच्या हाताने झाडांना घातली. कुशाची सावली दारातून आत आली.

देवांग पहिले बोलला ते हेच, "जीभ दाखव."

कुशाने दाखवली. ती फोडांनी भरली होती.

त्या राज्यात आजही दोघा भावांच्या साबणावर शिक्का असतो. त्यात रेघा नऊच.