ठकीच्या हाकेची कहाणी

ऐका पितरांनो, तुमची कहाणी. आटपाट गांव होतं, तिथं एक कोष्टी होता. त्याला मुलगा नव्हता, एकच लेक होती. तिचं नांव ठकी. बापानं तिला दूर देशीं दिली. सासरीं ताटांतल्या तांदळांत नवं नांव लिहिलं, ठकीची रुक्मिणी झाली. जुनं नांव नवरा विसरला, सासू विसरली, त्या नांवानं कोणी हाक मारीना.

मग काय झालं? बाप आजारी पडला. ठकीला आणा, म्हणाला. सांगावा धाडला. सासू दारांत म्हणाली, ठकी कोण? इथं ठकी नाही. सून तेव्हां जात्यावर होती. दुसऱ्यांदा सांगावा आला, तेव्हां नदीवर होती. तिसऱ्यांदा आला, तेव्हां गोठ्यांत होती. बापानं दाराकडे बघत बघत प्राण सोडला.

मग एके दिवशीं पाणवठ्यावर कासारीण म्हणाली, कोष्ट्याच्या ठकीला शोधताहेत गं, बाप गेला तिचा. सुनेच्या हातची घागर पडली. नेसत्या लुगड्यानिशी धावत सुटली. पोंचली तों दहावा दिवस. नदीकांठी पिंड ठेवलेला, कावळे फांदीवर, एकही खालीं येईना. पुतण्या म्हणाला, काका, तुमचा माग चालवीन. कावळा शिवेना. काकूला सांभाळीन. शिवेना. दरसाल श्राद्ध घालीन. तरी शिवेना. उन्हं कलली. भटजींनी दर्भ हातीं घेतला, म्हणाले, आतां दर्भाचाच कावळा करूं.

लेक पुढं झाली. बाप रुसून चालला, आतां त्याला कुठं गांठूं? हात जोडले, म्हणाली, "बाबा, रुक्मिणी आलेय." कावळ्यानं मान फिरवली. मग तिला उमगलं, या नांवाची लेक बापानं कधीं हांकारलीच नाही.

"बाबा, मी ठकी. मला कोणी सांगितलंच नाही हो."

कावळा उतरला, पिंडाला शिवला. ठकी तिथंच वाळूंत बसून पोटभर रडली.

मग तिनं वसा घेतला. सासरीं आली. भाद्रपदी अवसेला परसांत पान मांडलं, म्हणाली, बाबा, ठकी वाढतेय, जेवून जा. सासूनं विचारलं, ठकी कोण? सुनेनं सगळं सांगितलं. सासूला दारांतला सांगावा आठवला. तिनंच तो तीनदां परतवला होता. म्हणाली, "सूनबाई, माझ्या बापाचंही एक पान वाढ. मी सगुणी होते गं. तो ओळखील कां आतां?"

दोघी उंबऱ्यावर जीव मुठींत धरून बसल्या. कावळा आला, ठकीच्या पानावर बसला. मग दुसरा आला, सगुणीच्या पानावर बसला.

बायांनो, सासरचं नांव मिरवा, माहेरचं टाकूं नका. जसा ठकीला बाप भेटला, तसा तुम्हां आम्हां भेटो. कोणाचा सांगावा दारांतून परत न जावो. ही साठां उत्तरांची कहाणी, एका हाकेंत सुफळ संपूर्ण.