तीन लाल मोटारी

कुसुरवाडीच्या महाराजांना शर्यतीच्या मोटारीची हौस आली. मुंबईच्या व्यापाऱ्यानं पसंतीसाठी तीन मोटारी पाठवल्या. तिन्ही लाल, तिन्ही बुटक्या, आवाजही एकसारखाच. महाराजांना काही ठरवता येईना. रोज शेजारी बसून हिंडताना म्हाताऱ्या वामनपंत दिवाणांची हाडं मात्र खिळखिळी झाली.

शेवटी महाराज वैतागले. "पंत, सर्वांत वेगवान कोणती, ते आत्ताच्या आत्ता सांगा. चुकलात तर उद्यापासून दिवाणगिरी बंद!"

पंतांना तिन्हींतला फरक खरोखरच कळत नव्हता. कंबर चोळत ते म्हणाले, "सरकार, जिचा ब्रेक सर्वांत चांगला, ती घ्या."

"ब्रेक? आम्ही काय थांबायला मोटार घेतोय?"

"थांबावं तर लागेलच, सरकार," पंत थकल्या आवाजात म्हणाले. "आपलं संस्थान ते केवढं! मोटारीनं वेग घेतला न घेतला, की आपली हद्द संपते. आणि हद्दीपलीकडे आपल्याला मुजरा करणारं कुणी नाही."

महाराज हळूच म्हणाले, "पंत, यातली सर्वांत सावकाश चालणारी कोणती हो?"

दिवाणगिरी वाचली. पण ते ठरवायला पंतांना पुन्हा तिन्ही मोटारींत बसावं लागलं.